जिथे काही बदललं नाही

जंगल मोजणाऱ्यांच्या अहवालात एक तक्ता असतो. डावीकडे वरून खाली मागच्या वेळचे वर्ग लिहिलेले असतात: अतिघनदाट, मध्यम घनदाट, विरळ, झुडपी आणि जंगल नसलेली जमीन. वर आडवे तेच वर्ग, पण आत्ताचे. दोन्ही रांगा जिथे एकमेकींना भेटतात त्या चौकोनात चौरस किलोमीटर लिहिलेले असतात. मध्यम घनदाट जंगलातलं किती विरळ झालं, झुडपातून किती पुन्हा सावरलं, किती ठिकाणी शेत झालं, हे सगळं तिथे सापडतं. आम्ही याला बदल-सारणी म्हणायचो.

सारणीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक कर्ण जातो. त्याच्यावरचे आकडे सगळ्यांत मोठे असतात आणि त्यांच्याबद्दल कुणी काही विचारत नाही. मंत्रालयातून फोन येतो तो कमी झालेल्या आकड्यासाठी, वार्ताहराचा येतो तो वाढलेल्या आकड्यासाठी. कर्णावर फक्त ते जंगल असतं जे मागच्या वेळी जसं होतं तसंच आज आहे. घनदाट होतं ते घनदाट, विरळ होतं ते विरळ. बातमी होण्यासारखं त्यात काही नसतं.

नोकरीची सगळी वर्षं मी नागपुरात बसून उपग्रहचित्रांवरून विदर्भाची जंगलं मोजली. आता कुणाचं काय देणं आहे याचा हिशेब मांडायला घेतला तर दिसतं की माझे बहुतेक धनको या कर्णावरच राहतात. त्यांची नावं कुठल्याही अहवालात नाहीत. मीही इथे ती लिहिणार नाही, कारण त्यांपैकी कुणालाच ते आवडलं नसतं. पण देणं लिहून ठेवायला हवं.

पहिलं देणं मात्र कर्णावरचं नाही, नागपुरातल्या आमच्या सरांचं आहे.

मी लागले तेव्हा आमच्या खोलीत काचेचं मोठं टेबल होतं. खाली दिवे, वर उपग्रहचित्राची फिल्म, तिच्यावर पारदर्शक कागद आणि हातात बारीक टोकाची पेन्सिल. निरोगी पालवी डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोरात परत पाठवते आणि चित्र तयार करताना त्या किरणांना लाल रंग दिलेला असतो, म्हणून दाट जंगल गडद लाल दिसतं, विरळ जंगल फिकट, आणि नांगरलेली जमीन निळसर राखाडी. नव्या माणसाचा हात लगेच लाल रंगाभोवती रेघ मारायला धावतो. सर तो हात धरत. "अगं, आधी तारीख वाच," म्हणत. चित्राच्या कडेला बारीक अक्षरात छापलेली तारीख वाचल्याशिवाय त्यांनी आम्हाला कधी पेन्सिल उचलू दिली नाही.

कारण साधं होतं. गडचिरोली-चंद्रपूरचा साग फेब्रुवारीपासून पानं टाकतो. मोहही त्याच सुमाराला रिकामा होतो. मार्च-एप्रिलच्या चित्रात तेच जंगल झुडपी माळासारखं दिसतं. म्हणून पाऊस संपून आभाळ मोकळं झालेलं आणि पानं अजून झाडावर असलेली ऑक्टोबर ते डिसेंबर ही वेळ धरायची. दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही चित्रं एकाच ऋतूतली हवीत. नाहीतर आपण मोजतो तो जंगलाचा बदल नसतो, ऋतूचा असतो. पुढे संगणक आले, पेन्सिली गेल्या, चित्रातल्या एकेका ठिपक्याचं गणित यंत्र करू लागलं, पण तारीख वाचायची सवय तीच राहिली.

सरांनी दिलेली दुसरी गोष्ट जास्त मोलाची. 1980 च्या दशकात देशाच्या जंगलाचे दोन आकडे एकाच वेळी हिंडत होते. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून 1972-75 आणि 1980-82 अशी तुलना केली आणि देशाचं वनाच्छादन 16.89 टक्क्यांवरून 14.10 टक्क्यांवर आल्याचं सांगितलं. देशभर खळबळ उडाली. 1981 साली देहरादूनला स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल 1987 मध्ये आला. त्यात हा आकडा साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास होता. पुढे दोन्ही संस्थांनी बसून ताळमेळ घातला. सर हे सांगत तेव्हा त्यांच्या आवाजात कुणाला खोटं पाडल्याचा आनंद नसे. ते एवढंच म्हणत, "आकडा ऐकला की विचारायचं, जंगल कशाला म्हटलंय? लहानात लहान केवढा तुकडा धरलाय?"

त्या पहिल्या अहवालात 400 हेक्टरपेक्षा लहान तुकडा नकाशावर येतच नव्हता. आज एक हेक्टरचा येतो. एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन, तिच्यावर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्क्यांहून अधिक, एवढं असलं की ते वनाच्छादन. मालकी कुणाची, झाड कोणतं, हे या व्याख्येत येत नाही. म्हणून कोकणातली काजूची बाग त्यात येते आणि दोडामार्गातली रबराची लागवडही येऊ शकते. वरून पाहणाऱ्याला छत्र दिसतं, झाडाची जात आणि सातबारा दिसत नाही. हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस आकडा हातात घेतो तेव्हा जपून घेतो. हा जपून घेण्याचा गुण मला सरांकडून आला. निवृत्त झाल्यावरही ते अहवाल मागवून घेत आणि आधी शेवटची पानं, व्याख्येची आणि पद्धतीची, वाचत.

दुसरं देणं धानोरा तालुक्यातल्या एका वनरक्षकाचं.

उपग्रहचित्रावर काढलेली रेघ खरी की खोटी हे ठरवायला जागेवर जावं लागतं. नकाशावर काही बिंदू निवडायचे, तिथे पोचायचं, आजूबाजूच्या एक दशांश हेक्टरात झाडं मोजायची, जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर खोडाचा घेर घ्यायचा, छत्र किती झाकतं ते पाहायचं. गडचिरोलीत हे काम कागदावर वाटतं तसं नसे. पावसाळ्यात नाले रस्ते तोडत, उरलेल्या काळात कुठल्या वाटेने जायचं हे तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय ठरत नसे. माझ्या वाट्याला जे वनरक्षक आले ते तिथलेच, झाडीपट्टीचे. उंचीने बेताचे, सायकल हातात धरून चालणारे. मला ते "मॅडम जी" म्हणत आणि मी त्यांना "दादा" म्हणे. वयाने ते माझ्याहून बरेच मोठे होते.

पहिल्याच बिंदूवर मी मान वर करून छत्र पाहत होते. दादा म्हणाले, "वर तं तुमचा उपग्रह पाहूनच राहिला जी. तुमी खाली पाहा."

खाली पाहायला मी त्यांच्याकडून शिकले. वर साठ टक्के छत्र आहे, पण खाली सागाचं, ऐनाचं, बिजाचं एकही रोप कंबरेएवढं झालेलं नाही. सगळी रोपं करंगळीएवढी, एकाच वर्षाची. दर उन्हाळ्यात आग येते आणि त्यांना मुळापर्यंत जाळते, पावसात ती पुन्हा फुटतात, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळतात. उपग्रहाच्या दृष्टीने हे जंगल चांगलं, दहा वर्षांपूर्वी होतं तसंच. दादांच्या दृष्टीने हे "म्हाताऱ्यांचं गाव" होतं. वरची झाडं गेली की मागे कुणी नाही. उलट, दुसऱ्या एका कक्षात, म्हणजे वनखात्याने आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, वरचं छत्र तुटक होतं, नकाशात ते विरळ म्हणून पडलं असतं, पण खाली हाताला हात लागेल अशी रोपं उभी होती, मनगटाएवढी, दंडाएवढी, मांडीएवढी. "हे येते जी वर, दहा सालात," ते म्हणाले. पुढच्या वर्षांतल्या चित्रांनी ते खरं करून दाखवलं.

ऑक्टोबरच्या चित्राबद्दल सरांनी शिकवलं त्याला एक पुरवणीही दादांनी जोडली. काही वर्षी ऐन हंगामातल्या चित्रात सागाचे मोठे पट्टे मळकट तपकिरी येत. तोड झाली असावी असं वाटावं. दादांनी झाडावरचं पान तोडून माझ्या हातात ठेवलं. शिरा तेवढ्या उरलेल्या, मधला हिरवा भाग अळीने खाऊन टाकलेला, पान जाळीसारखं. पाऊस ओसरताना ही अळी सागावर येते, महिना-दीड महिना धुमाकूळ घालते आणि झाड मरत नाही. अशा पट्ट्यांना बदल म्हणून मोजायचं नाही, हे कुठल्या पुस्तकातून मला कळलं असतं ते मी सांगू शकत नाही. कळलं ते त्या पानावरून.

बांबूचंही तसंच. मानवेल बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, सबंध प्रदेशात जवळपास एकदम, आणि बी टाकून मरतो. सागाच्या छत्राखाली वाळलेल्या रांझ्या, म्हणजे बांबूची बेटं, उभ्या असतात आणि वरून त्यातलं फारसं काही दिसत नाही. त्या वाळलेल्या बांबूला आग लागली तर खाली पडलेलं सगळं बी जातं. पुढची काही वर्षं तिथे गुरं जाऊ द्यायची नसतात, आग येऊ द्यायची नसते. दादा आपल्या बीटमधल्या, म्हणजे राखणीच्या हद्दीतल्या, फुललेल्या रांझ्यांची नोंद दैनंदिनीत ठेवत: कक्ष क्रमांक, नाल्याचं नाव, महिना. ती वही वरिष्ठांनी कधी मागितली नव्हती. आमच्या नकाशावर बांबूचे जे वर्ग नंतर बरोबर पडले त्यातले कितीतरी त्या वहीतून आले होते. आमच्या अहवालात त्यांचा उल्लेख "प्रत्यक्ष पडताळणी" या दोन शब्दांत झाला.

आणि जाळरेषा. जानेवारी-फेब्रुवारीत जंगलाच्या कडेने, रस्त्यालगत, कक्षांच्या हद्दीवर ठरलेल्या रुंदीचा पट्टा साफ करायचा, पालापाचोळा लोटून तो आपल्या देखरेखीखाली आधीच जाळून टाकायचा, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये आग आली तर तिथे थांबते. हे काम वेळेत झालं तर उन्हाळ्यात काही घडत नाही. घडलं नाही म्हणून कुणी शाबासकी देत नाही. मजुरीचा पैसा उशिरा आला, एका पट्ट्याचं काम राहिलं, तर मात्र चौकशी होते. दादा हे तक्रार म्हणून सांगत नसत. जाळरेषेवरून चालताना सांगत, पायाने पाला बाजूला सारत.

तिसरं देणं एका आजीचं आणि तिच्या गावाचं. त्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचं नाव आता महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. गावाने सगळ्यांची संमती झाल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही असं ठरवलं, अभ्यासगट बसवले, जंगल राखलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना कुणी द्यायचा यावर गाडं अडलं. 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर गडचिरोलीत शेकडो गावांनी असे हक्क मिळवले. हक्क मिळाला की कायदा पुढचं कामही सांगतो: राखायचं, वाढवायचं, व्यवस्थापन करायचं, आणि त्याचा आराखडा करायचा. आराखड्याला नकाशा लागतो. म्हणून आमच्यासारख्यांना बोलावणी येऊ लागली.

असंच एक गाव. समाजमंदिरात भिंतीवर मी त्या गावाच्या जंगलाचं चित्र लावलं. गोंड वस्ती, सगळे जमलेले. पुरुष पुढे, बायका दाराजवळ. मी घनतेचे वर्ग समजावून सांगत होते. दाराजवळून एक आजी उठली, नकाशापर्यंत आली आणि म्हणाली, "बाई, माझा मोह कोठं हाय याच्यात?"

त्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटर बाय साडेतेवीस मीटर होता. एकाच ठिपक्यात आजीचा मोह, शेजारचा ऐन, खालची तेंदूची झुडपं, सगळं एकत्र मिसळून एक लालसर रंग झालेला. मी तसं सांगितलं. आजीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चाल, दाखवतो."

ती पुढे आणि आम्ही मागे. त्या सकाळी मला समजलं की त्या जंगलात प्रत्येक मोहाला घर आहे: हा अमक्यांचा, तो तमक्यांचा, त्या पलीकडचा लेकीला दिलेला. नाल्यांना नावं, खडकांना नावं, जिथे आमच्या नकाशावर फक्त कक्ष क्रमांक होता तिथे त्यांच्याकडे पंधरा-वीस नावं. शेजारच्या गावाशी हद्दीचा जुना वाद होता. तो दोन्ही गावांची म्हातारी माणसं एकत्र चालत गेली तेव्हा मिटला. जीपीएस घेतलेला मुलगा त्यांच्या मागून चालत होता आणि ती जिथे थांबत तिथे बटण दाबत होता. रेघ त्यांनी काढली, यंत्राने लिहून घेतली.

मोहाखाली आजी काय करत असे ते सांगायला हवं, कारण सगळ्या आराखड्याचं मूळ तिथे आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात. खाली वाळलेला पाला असेल तर फुलं वेचता येत नाहीत. म्हणून पुष्कळ ठिकाणी झाडाखालचा पाला पेटवून देतात. ती आग तिथेच राहिली तर ठीक, वाऱ्याने निघाली तर जंगलात जाते. आजी पाला पेटवत नसे. खराट्याने झाडाभोवतीचं गोल लोटून काढायची, आदल्या संध्याकाळी. वयामुळे कंबर वाकलेली, तरी आपल्या प्रत्येक झाडाखाली. "आगीले काय, पाय असते," ती म्हणाली. ग्रामसभेत तिने तोच नियम मांडला आणि बायकांनी तो पुरुषांकडून वदवून घेतला: मोहाखाली कुणी पेटवायचं नाही, पेटवलं तर दंड. दंडाची रक्कम ठरवताना बराच वेळ गेला, पण ठरली.

तेंदूच्या प्रश्नावर मात्र गाव इतक्या सहज एक झालं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं होतं, कारण कोवळी पानं यावीत म्हणून झुडपं छाटतात, आगी लावतात, आणि जंगलाचं नुकसान होतं. कुणीतरी सभेत म्हणालं, आपणही बंद करू. आजीच विरोधात उभी राहिली. पाचगावकडे बांबू भरपूर आहे, आपल्याकडे कमी. मे महिन्यात हातात रोख पैसा येतो तो पत्त्याचाच. त्याच्यावर बी-बियाणं आणि पोरांच्या वह्या. तो दिवस भांडणात गेला. शेवटी ठरलं ते असं: पत्ता तोडायचा, पण तेंदूसाठी आग अजिबात नाही, छाटणी हाताने, आणि एक पट्टा दरवर्षी आळीपाळीने विश्रांतीला ठेवायचा. बाहेरून आलेला कुणी असा तोडगा लिहून देऊ शकला नसता. आमच्याकडे शाश्वत व्यवस्थापन म्हणून जे शिकवलं जातं ते त्या दिवशी मी भांडणातून घडताना पाहिलं.

बांबूचे नियमही त्यांनी स्वतःच्या भाषेत लिहिले. तीन भागांतून दरवर्षी एक तोडायचा, म्हणजे एका रांझीची पाळी तिसऱ्या वर्षी येते. यंदाचा आणि गेल्या वर्षीचा कोवळा बांबू तोडायचा नाही. रांझीत जुने आठ-दहा उभे ठेवायचे, नाहीतर नव्यांना आधार राहत नाही. पावसाळ्यात कुऱ्हाड न्यायची नाही. वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, भाजीपुरते, बाजारापुरते नाहीत. हे नियम वनविभागाच्या कार्य आयोजनेतही जवळपास असेच असतात. फरक इतका की इथे नियम मोडणाऱ्याला त्याच्या घरचे ओळखत होते.

घरटी पाळीने जंगलात फिरायला जाणं चालू झालं. उन्हाळ्यात आगीची सूचना आता उपग्रहावरून मोबाइलवर येते. 2004 पासून ही सोय हळूहळू वाढली, आणि आजच्या चांगल्या उपकरणाचा ठिपका 375 मीटरचा असतो. पण उपग्रह त्या जागेवरून दिवसातून मोजक्या वेळा जातो. ज्या गावात पाळी चालू असते तिथे संदेश पोचण्याआधी बहुधा कुणाच्या तरी नाकाला धूर आलेला असतो. पाळीवरच्या माणसाला त्या दिवसाची मजुरी सुटते. सुरुवातीला ग्रामसभेकडे त्यासाठी पैसा नव्हता. बांबू विकला गेला तेव्हा थोडा आला. तोवरची ती मजुरी त्यांनी कुणाच्या खात्यात टाकली, याचं उत्तर आपल्याला द्यावं लागेल.

का ते कळायला आता पुन्हा त्या बदल-सारणीकडे पाहू. 2019 च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन 50,778 चौरस किलोमीटर होतं. 2021 च्या अहवालात 50,798. म्हणजे वीस चौरस किलोमीटरची निव्वळ वाढ, आणि राज्याच्या क्षेत्रफळाच्या 16.51 टक्के. त्या वीसवर लिहिलं गेलं, बोललं गेलं. सगळ्या नकाशाची अचूकता नव्वद टक्क्यांहून थोडी वर असते हे ज्याला माहीत आहे तो वीसवर फार वजन टाकणार नाही. शिवाय निव्वळ म्हणजे कुठे गेलेलं आणि कुठे आलेलं यांची वजाबाकी. जुनं सागाचं जंगल एका जिल्ह्यात गेलं आणि दुसरीकडे कुठे बाग उभी राहिली, तर ती वजाबाकी शून्य येते, आणि शून्य पाहून कुणाचीच झोप उडत नाही.

पण त्या वीसच्या बाजूला जे पन्नास हजारांवर उभं आहे, त्याचं काय? गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर आणि त्याच्या दोन तृतीयांशांहून जास्त भागावर जंगल. दर अहवालात त्याचा फार मोठा हिस्सा कर्णावर पडतो. वर्षानुवर्षं मीही त्या चौकोनात आकडा भरून पुढे गेले, कारण कामाची रीतच ती होती. दादांबरोबर आणि आजीबरोबर चालल्यावर त्या चौकोनाकडे पाहायची माझी नजर बदलली. तिथे जे "बदल नाही" म्हणून लिहिलं जातं त्यात वेळेत झालेली जाळरेषा आहे, खराट्याने लोटलेला मोहाखालचा गोल आहे, तीन वर्षं थांबलेली कुऱ्हाड आहे, दंडाच्या रकमेवर झालेलं भांडण आहे आणि बुडालेली मजुरी आहे. जंगल आपोआप जसंच्या तसं राहत नाही. आग येते, गुरं येतात, कंत्राटदार येतो, खाणीचा अर्ज येतो, आणि तरी दोन चित्रांत एकच लाल रंग दिसतो, याला कुणीतरी केलेलं काम म्हणतात.

सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणणार नाही. हक्काचा तोच कागद हातात असून पाळी बंद पडलेली गावं मी पाहिली आहेत, तिथे पाच-सहा वर्षांत मध्यम घनदाटचं विरळ झालेलं माझ्याच पडद्यावर आलं. कागदाने जंगल राखलं जात नाही. ज्यांनी राखलं त्यांच्याकडे कागद येण्याआधीही राखायची सवय होती. आणि राखणारे दमले, म्हातारे झाले, मुलं नागपूर-हैदराबादला कामाला गेली, की ती सवय पुढच्या हातात जाईलच याची खात्री नसते.

मी परतफेड म्हणून काय केलं? फार थोडं. गावासाठी मोठ्या प्रमाणाचा नकाशा काढला, कक्ष क्रमांकांच्या जोडीला नाल्यांची आणि खडकांची त्यांची नावं लिहिली. मोहाची झाडं एकेक करून टिपली, घरांच्या यादीसकट. आजीने बोट ठेवून आपलं झाड शोधलं आणि शेजारणीचं एक झाड चुकीच्या घराच्या नावावर पडलंय ते मला लगेच दुरुस्त करायला लावलं. गावातल्या मुलामुलींना मोबाइलवर बिंदू घ्यायला, घेर मोजायला, खालची रोपं मोजायला शिकवलं, आणि रोपं मोजायचा रकाना नमुन्यात घालायला लावला. तो रकाना दादांचा आहे. त्यांची वही त्यांनी निवृत्त होताना माझ्याकडे दिली. "तुमच्या कामात येते जी," म्हणाले. मी तिची प्रत काढून मूळ वही त्यांच्यानंतर आलेल्या वनरक्षकांना दिली. ती बीटची वही आहे, नागपूरची नाही.

असलं देणं फेडून मोकळं होता येत नाही आणि व्हायची इच्छाही नाही. धानोऱ्याकडून अजून फोन येतात. यंदा मोह किती गळला, पाऊस कधी लागला, अमक्याची मुलगी वनरक्षकाच्या भरतीला बसली, अशा बातम्या त्यात असतात. मी विचारते ते एकच: जाळरेषा झाली का?

निवृत्तीनंतरही कधीकधी नव्या मुलांना शिकवायला बोलावतात. हुशार मुलं आहेत. दहा मीटरचा ठिपका त्यांना सहज मिळतो, एका दुपारी ती वीस वर्षांची चित्रं एकावर एक रचून बदलाचा आलेख काढतात. त्यांना क्षेत्रावर पाठवायचं तर सगळे लाल-पिवळे ठिपके, म्हणजे बदल झालेल्या जागा, निवडतात. मी प्रत्येकाला कर्णावरची एक जागा देते. इथे वीस वर्षांत काही बदललेलं नाही, जाऊन पाहा. तीन प्रश्नांची उत्तरं आणा: हे कोण राखतं, कसं राखतं, आणि त्याचे पैसे कोण देतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मुलं पानंच्या पानं भरून आणतात. तिसऱ्यासमोर बहुतेक वेळा "कुणी नाही" एवढंच लिहिलेलं असतं. ते खोडू नका, अहवालात जसंच्या तसं जाऊ द्या, असा मी आग्रह धरते.